थीम पार्कचा वार्षिक पास: चालू कसा करायचा आणि जवळ कसा बाळगायचा?

मध्यंतर

चौघांसाठी (दोन मोठे, मुलगी ११ वर्षांची, मुलगा ५ वर्षांचा) एका थीम पार्कचे वार्षिक पास ऑनलाइन घेतले आहेत. ईमेलने चार पीडीएफ आल्या. प्रत्येकीवर एक क्यूआर कोड, एक लांबलचक नंबर आणि तळाशी बारीक अक्षरात 'पहिल्या भेटीत पासमध्ये रूपांतर करून घ्यावे' अशी ओळ आहे. पार्कच्या ॲपमध्ये 'पास जोडा' आणि 'पास सुरू करा' अशी दोन वेगळी बटणं दिसतात. अजून कशालाच हात लावलेला नाही.

माझे प्रश्न:
१. वर्ष नेमकं कधीपासून मोजतात? खरेदीपासून, बटण दाबल्यापासून की पहिल्यांदा आत गेल्यापासून?
२. पहिल्या दिवशी सोबत काय काय न्यायचं? मुलांनी खिडकीशी यायलाच हवं का?
३. प्लास्टिकचं कार्ड घ्यावं की फोनवर भागतं? कार्ड घेतलं तर लॅमिनेट करून, भोक पाडून गळ्यात अडकवलं तर चालेल का?

---

खिडकी_क्र_३

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण निम्मे घोळ इथेच होतात. तुमच्याकडे आत्ता जे आहे तो पास नाही, पासाचं व्हाउचर आहे. व्हाउचर म्हणजे 'पैसे मिळाले, माणूस दाखवा, पास घेऊन जा' एवढंच. नाव, चेहरा आणि तारीख या तिन्ही गोष्टी त्याला चिकटल्या की मग तो पास. हे चिकटवण्याचं काम म्हणजेच पास चालू करणं.

त्यामुळे ती दोन बटणं एकच समजू नका. 'पास जोडा' म्हणजे व्हाउचरचा नंबर तुमच्या खात्यात नोंदवणं. हे आजच करा, त्याने काही बिघडत नाही, उलट ईमेल हरवलं तरी नंबर खात्यात राहतो. 'पास सुरू करा' हे मात्र घरी बसून शेवटपर्यंत नेऊ नका. काही पार्कांत ते पक्कं केल्या क्षणापासून वर्ष मोजायला लागतं, आणि ते मागे घेता येत नाही. काही ठिकाणी हे बटण फक्त फॉर्म भरून घेतं आणि तारीख गेटवरच्या पहिल्या स्कॅनला लागते. तुमच्या पार्कात यातलं काय आहे ते बटण दाबल्यावर, पक्कं करायच्या आधी येणाऱ्या पानावर सहसा लिहिलेलं असतं. तिथे 'वैधता' किंवा 'समाप्ती दिनांक' दिसतोय का बघा. तारीख दिसत असेल तर ती आजपासून मोजलेली आहे का, हे तपासा आणि परत फिरा.

आणखी एक तारीख असते जिच्याकडे कोणी बघत नाही: व्हाउचरची स्वतःची मुदत. 'अमुक तारखेच्या आत पासमध्ये बदलून घ्या' अशी ती असते. पासाचं वर्ष सुरू झालेलं नसतं म्हणून लोक निवांत राहतात आणि व्हाउचरच शिळं होतं. पीडीएफच्या तळाशी ती बारीक ओळ आहे ना, तिच्या आसपासच ही तारीख सापडेल.

आता खाते. एकच मुख्य खाते ठेवा आणि बाकी तिघांना त्यात 'कुटुंबातील सदस्य' म्हणून घाला. दोघा मोठ्यांनी आपापल्या फोनवर आपापली खाती काढून तोच नंबर दोन्हीकडे जोडायचा प्रयत्न केला की दुसऱ्या खात्यात 'हा नंबर आधीच वापरला आहे' असा संदेश येतो, आणि मग तो सोडवायला मदतकक्षाच्या रांगेत उभं राहावं लागतं. नंबर हाताने भरताना शून्य आणि ओ, एक आणि आय यांची गल्लत होते. शक्य असेल तिथे कॅमेऱ्याने कोडच वाचवून घ्या.

नाव फोटो ओळखपत्रावर जसं आहे तसंच टाका. घरचं नाव, लाडाचं नाव, आद्याक्षरं काही नको. ओळखपत्रावर आडनाव आधी असेल तर 'पहिले नाव' आणि 'आडनाव' हे रकाने उलटे भरले जात नाहीत ना, एवढं पाहा.

पहिल्या दिवशी सोबत:
– चारही व्हाउचर, फोनमध्ये आणि कागदावर दोन्ही. छापताना 'पानात बसवा' असा पर्याय असतो, त्याने कोड बारीक होतो. मूळ आकारात छापा.
– मोठ्यांचं मूळ फोटो ओळखपत्र. झेरॉक्स किंवा फोनमधला फोटो सगळीकडे चालतोच असं नाही.
– मुलांच्या वयाचा पुरावा. पाच वर्षांच्या मुलाचा पास 'बाल' गटातला असेल तर हा मागू शकतात.
– ज्या कार्डाने पैसे भरले ते कार्ड आणि ऑर्डर क्रमांक. लागतं क्वचितच, पण व्यवहारात काही अडलं तर तेच मागतात.

मुलांनी यायलाच हवं का? हो. फोटो किंवा बोटाचा ठसा त्या माणसाचाच हवा. एकाने चौघांचे पास चालू करून आणायचे हे जमत नाही. मुलांच्या बाबतीत अटींवर सही पालक करतात, पण फोटोपुरतं मूल समोर लागतं. जिथे आधीच फोटो अपलोड करायची सोय आहे तिथे ती जरूर वापरा: साधी भिंत मागे, टोपी-गॉगल नाही, एका फोटोत एकच चेहरा. कुटुंबाच्या एकत्र फोटोतून कापलेला चेहरा बहुतेक वेळा नाकारला जातो, कारण शेजारच्याचा कान किंवा खांदा त्यात राहतो.

पार्क उघडायच्या अर्ध्या तासात खिडकीशी सगळ्यात मोठी गर्दी असते. पासाची खिडकी गेटच्या बाहेर आहे की आत, हे आधी पाहून ठेवा. आत असेल तर व्हाउचरवरच आत सोडतात आणि पासाचं काम दुपारी, रांग ओसरल्यावर करता येतं. फक्त ती खिडकी पार्कच्या आधी बंद होते का, हे सकाळीच विचारा.

पास हातात आला की तिथून हलायच्या आधी चार गोष्टी वाचा: नाव, समाप्तीची तारीख, पासाचा प्रकार आणि पार्किंग पासात आहे की नाही. खिडकीशी उभे असताना चूक दुरुस्त व्हायला दोन मिनिटं लागतात. घरी गेल्यावर लक्षात आली तर अर्ज, ईमेल आणि पुन्हा रांग.

---

चक्रीपाळणा

वरील प्रतिसादाला अनुमोदन. प्रश्न १ बद्दल थोडं गणित, कारण तारीख निवडायची संधी एकदाच मिळते.

आधी पासावर 'वार्षिक' लिहिलंय की 'सीझन' ते बघा. दोन्ही वेगळे. वार्षिक पास चालू केल्यापासून बारा महिने चालतो. सीझन पासाची शेवटची तारीख ठरलेली असते, म्हणजे हंगाम संपला की तो संपला, मग तुम्ही तो पहिल्या आठवड्यात चालू केलेला असो की शेवटच्या. सीझन पास असेल तर चालू करायला थांबण्यात काहीच फायदा नाही. वार्षिक असेल तर आहे.

समजा यंदा २० मेला पास चालू केला. तो पुढच्या वर्षी १९ मेपर्यंत चालेल (काही पार्क २० मे धरतात, छापलेली तारीख हीच खरी). पुढच्या वर्षी सुट्टी २२ मेपासून घेतली तर नवा पास लागेल. तीच १२ ते १८ मे घेतली तर एका पासात दोन वर्षांच्या दोन सहली बसतात. म्हणून दरवर्षी एकाच सुमारास जाणाऱ्यांनी पुढच्या वर्षीची सहल आठवडा-दहा दिवस अलीकडे ओढावी. पार्कात वारंवार जाणाऱ्या मंडळींना हे पाठ असतं, पहिल्यांदा घेणाऱ्यांना कोणी सांगत नाही.

खरेदी करतानाच 'भेटीची तारीख' विचारली होती का? तेही आठवून पाहा. काही ठिकाणी ती फक्त अंदाज म्हणून घेतात, काही ठिकाणी तीच सुरुवातीची तारीख धरतात. ऑर्डरच्या ईमेलमध्ये ती दिसत असेल आणि बदलायची असेल तर ती तारीख उजाडायच्या आधी बदला.

एका दिवसाचं तिकीट घेऊन आत गेल्यावर त्याचं वार्षिक पासात रूपांतर करणाऱ्यांसाठी: हे बहुधा त्याच दिवशी (तिकीट अनेक दिवसांचं असेल तर शेवटच्या दिवसापर्यंत), पार्कातून बाहेर पडायच्या आत करावं लागतं, आणि बऱ्याच ठिकाणी वर्ष तिकिटाच्या पहिल्या वापरापासून मोजतात, रूपांतराच्या दिवसापासून नाही. पाच दिवसांच्या तिकिटाचं पाचव्या दिवशी रूपांतर केलं म्हणून चार दिवस फुकट मिळाले, असं होत नाही.

मुलाच्या वयाबद्दल: बहुतेक पार्क वय पास चालू करतानाचं धरतात. बाल पास चालू झाल्यावर वर्षात वाढदिवस येऊन मूल वरच्या गटात गेलं तरी पास तसाच चालतो. पण व्हाउचर घेतल्यावर आणि चालू करायच्या आधी वाढदिवस येत असेल तर फरकाची रक्कम मागू शकतात. तुमचा मुलगा सीमारेषेवर असेल तर आधी चालू करणं सोयीचं. वरच्या गणिताच्या हे उलट जातं, तेव्हा कोणता फायदा मोठा ते तुम्हीच ठरवा.

---

मध्यंतर

दोघांचेही आभार. सीझन नाही, वार्षिकच आहे. व्हाउचरवर मुदतही सापडली.

आत्ता 'पास जोडा' करून पाहिलं. चारही नंबर खात्यात आले, पण चौघांच्या समोर माझंच नाव दिसतंय. आणि दोन 'बाल' पासांपैकी कोणता कोणाचा हे कळत नाही. आत्ता वाटून टाकू की खिडकीवर करू?

---

खिडकी_क्र_३

आत्ताच वाटा. खरेदीदाराचं नाव सगळ्यांवर येणं नेहमीचं आहे. प्रत्येक पासासमोर 'दुसऱ्याला द्या' किंवा 'सदस्य निवडा' असा पर्याय असेल, त्यात त्या-त्या सदस्याचं नाव निवडा. दोन्ही बाल पास सारखेच असतील तर कोणता कोणाला दिला याने फरक पडत नाही. एकदा दिल्यावर मात्र तोच त्याचा, हे लक्षात ठेवायचं.

कारण पुढचा ठरलेला घोळ अदलाबदलीचाच असतो. पहिल्या दिवशी घाईत मुलीचा कोड मुलाच्या फोटोसाठी दाखवला जातो. त्या दिवशी काहीच कळत नाही, कारण यंत्र नवा चेहरा मुकाट्याने नोंदवून घेतं. दुसऱ्या भेटीत गेटवरच्या माणसाच्या पडद्यावर मुलीच्या नावाखाली मुलाचा फोटो येतो आणि सगळी रांग थांबते. म्हणून खिडकीशी चौघांना ज्या क्रमाने पास आहेत त्याच क्रमाने उभं करा. ऐकायला बाळबोध आहे, पण उपाय हाच.

बोटाचा ठसा घेणाऱ्या पार्कांसाठी: बोट नेहमी तेच द्या, बहुधा तर्जनी मागतात. तिथे सहसा बोटाचं चित्र साठवलेलं नसतं, ठशातल्या खुणांवरून काढलेला संख्यांचा साचा असतो आणि दर वेळी नवा ठसा त्याच्याशी ताडून पाहतात. ओलं, सुरकुतलेलं (पाण्यातल्या राइडनंतर), सनस्क्रीन लागलेलं किंवा पट्टी बांधलेलं बोट जुळत नाही. बोट कोरडं पुसून, सपाट ठेवून, एक सेकंद न हलवता. जोरात दाबलं तर ठसा पसरतो आणि उलट नापास होतो. लहान मुलांचे ठसे बारीक असतात आणि बोटं स्थिर राहत नाहीत; काही पार्क त्यांच्या जागी पालकाचं बोट नोंदवू देतात. तसं केलं तर दर वेळी त्याच पालकाने मुलासोबत गेटमधून जायचं.

आणि गेटवर सगळ्यात महत्त्वाचं: लाल दिवा लागला की पुन्हा पुन्हा कार्ड टेकवू नका. एक पास आत गेला अशी नोंद झाली की ठरावीक वेळ तोच पास पुन्हा चालत नाही, म्हणजे आत गेलेल्याने कुंपणावरून बाहेरच्याला पास देऊ नये. पण याचाच फटका असा बसतो: यंत्राने कोड वाचला, दांडा फिरला नाही, तुम्ही पुन्हा टेकवलं, आता यंत्र म्हणतं 'हा माणूस आत आहे'. बाजूला व्हा, कर्मचाऱ्याला सांगा. त्याच्याकडे ती नोंद सोडवायची सोय असते. चार वेळा टेकवल्यावर सांगितलंत तर त्याला चार नोंदी उलगडाव्या लागतात.

---

तांब्याची_तार

प्रश्न ३. लॅमिनेट नको, भोकही नको. का ते सांगतो.

हे कार्ड बँकेच्या कार्डाच्याच मापाचं असतं, ८५.६० × ५३.९८ मिमी, जाडी सुमारे ०.७६ मिमी. टेकवून चालणारं असेल तर आत एक चिप आणि तिला जोडलेलं तारेचं वेटोळं असतं. हे वेटोळं म्हणजे अँटेना, आणि ते बहुधा कार्डाच्या कडेकडेने फिरवलेलं असतं. लोक भोक पाडतात तेही कडेलाच. एक वेढा तुटला की कार्ड मेलं, कारण त्याला स्वतःची बॅटरी नसते. गेटवरच्या वाचकयंत्राच्या लहरींतून त्या वेटोळ्यात जी वीज तयार होते तिच्यावरच चिप जागी होते. बाहेरून कार्ड अगदी ठणठणीत दिसतं. ज्या कार्डाला कारखान्यातूनच खाच असते, त्यातला अँटेना ती जागा सोडून फिरवलेला असतो, ते खुशाल अडकवा. नसेल तर कार्ड पारदर्शक कव्हरमध्ये घाला आणि कव्हर अडकवा.

लॅमिनेशनचं यंत्र १०० अंश सेल्सिअसच्या वर तापतं. पीव्हीसी साधारण ८० अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतं. कार्ड वाकतं, चिपचा जोड सुटतो. पास थर्मल कागदावर छापलेला असेल (पावतीसारखा, शाई नसलेला) तर अख्खा काळा होऊन बाहेर येतो, कारण त्या कागदाला उष्णता हीच शाई. थर्मल कागद ऊन, घाम, हँड सॅनिटायझर आणि मऊ पीव्हीसीच्या कव्हरनेही पुसट होतो. कव्हरमधलं प्लास्टिक मऊ ठेवणारं द्रव्य छपाईत उतरतं. असा कागद साध्या कागदी पाकिटात ठेवा आणि पहिल्याच दिवशी त्याचा नीट फोटो काढा.

आता आपला पास कोणत्या प्रकारचा हे ओळखा, कारण प्रत्येकाचं दुखणं निराळं.

मागे काळी किंवा तपकिरी पट्टी असेल तर चुंबकीय. हिला पर्सचं चुंबकी बटण, फोनच्या पाठीवरची चुंबकी रिंग, चुंबकी झाकणाचं पाकीट चालत नाही. पट्टीचेही दोन प्रकार: सुमारे ३०० ओर्स्टेडची (पट्टी पुसायला किती जोराचं चुंबक लागतं याचं माप) हलकी आणि २७५० च्या आसपासची दणकट. हॉटेलच्या खोल्यांच्या चाव्या बहुधा हलक्या पट्टीच्या असतात, म्हणून त्या उठसूट पुसल्या जातात.

टेकवून चालणारं असेल (बहुतेक १३.५६ मेगाहर्ट्झवर) तर चुंबकाने काही होत नाही. त्याचं वैर धातूशी आणि दुसऱ्या कार्डांशी. एकाच पाकिटात चार पास आणि दोन बँकेची कार्डं ठेवून पाकीटच टेकवलं तर यंत्राला एकदम सहा उत्तरं येतात. मग ते काहीच वाचत नाही किंवा भलताच पास वाचतं. 'आरएफआयडी ब्लॉकिंग' (कार्डाच्या लहरी अडवणाऱ्या) पाकिटाच्या आतून तर वाचणारच नाही, ते त्यासाठीच केलेलं असतं. एक कार्ड बाहेर काढा, सपाट टेकवा, क्षणभर थांबा. ओवाळल्यासारखं फिरवू नका.

नुसता बारकोड किंवा क्यूआर असेल तर शत्रू म्हणजे ओरखडे आणि चकाकी. क्यूआरमध्ये चूक भरून काढायची सोय असते, छापताना निवडलेल्या पातळीनुसार साधारण ७, १५, २५ किंवा ३० टक्के भाग खराब झाला तरी वाचता येतो. पण तीन कोपऱ्यांतले मोठे चौकोन या हिशेबात धरू नका. त्यांच्यावरूनच यंत्र कोड शोधतं. तिथे स्टिकर, घडी किंवा पंचाचं भोक आलं तर बाकी कोड लखलखीत असून उपयोग नाही. कोडभोवतीची पांढरी कोरी पट्टीही लागते, ती कापू नका.

अवांतर: मनगटपट्ट्यांबद्दल नेहमी विचारणा होते. वॉल्ट डिस्ने वर्ल्डने २०१३ मध्ये आणलेल्या मॅजिकबँडमध्ये दोन भाग होते, एक जवळून टेकवायची बिनबॅटरीची चिप आणि एक दुरून ओळखू येणारा, बॅटरीवर चालणारा रेडिओ. बॅटरी संपली तरी गेटवर पट्टा चालतो, कारण गेट पहिल्या भागाशी बोलतं. लोक 'सेल संपला' म्हणून उगाच नवा घेतात.

---

हलकी_पिशवी

कार्ड की फोन यावर माझं मत: दोन्ही. गेटसाठी कार्ड, राखीव म्हणून फोन. फोन एकट्यावर भिस्त ठेवली की दुपारी चारनंतर तारांबळ उडते. नकाशा, रांगांच्या वेळा, फोटो, व्हिडिओ यांनी बॅटरी तोवर तळाला गेलेली असते, आणि पासावरची सवलत नेमकी जेवणाच्या आणि दुकानाच्या काउंटरवर दाखवायची असते.

फोनवर ठेवायचाच तर ॲपमधून 'वॉलेटमध्ये जोडा' असा पर्याय आहे का बघा. वॉलेटमधला पास नेटशिवाय उघडतो आणि उघडताना पडद्याचा उजेड सहसा आपोआप वाढतो. गेटजवळ हजारो लोक एकाच मोबाइल टॉवरवर असतात, त्यामुळे ॲप उघडायला तिथेच सगळ्यात जास्त वेळ लागतो. रांगेत शिरायच्या आधीच कोड उघडून ठेवा.

स्क्रीनशॉटबद्दल दोन टोकाची मतं ऐकू येतात, आणि दोन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत. कोड कायम तोच राहत असेल तर स्क्रीनशॉट चालतो. कोडखाली सेकंद मोजणारी पट्टी सरकत असेल किंवा कोड दर थोड्या वेळाने बदलत असेल तर स्क्रीनशॉट कुचकामी, तो मुद्दाम तसा केलेला असतो. घरी दोनदा ॲप उघडून कोड ताडून पाहा, कळेल.

कोड वाचला जात नसेल तर क्रमाने हे तपासा: उजेड पूर्ण आहे का, बॅटरी बचत चालू असेल तर बंद करा, ती पडदा मंद करते, डार्क मोडमध्ये कोडभोवतीची पट्टी काळी झालीय का, 'प्रायव्हसी' काच लावलीय का, कारण ती तिरकं बघणाऱ्याला पडदा काळा दाखवते आणि गेटवरचं यंत्र नेमकं तिरकंच बघत असतं. फोन उन्हात तापला की उजेड आपोआप कमी करतो, तेव्हा सावलीत दोन मिनिटं धरा. आणि काही जुन्या गेटवर लाल रेषेची लेझर यंत्रं असतात, ती कागदावरून परतणारा उजेड वाचतात. फोनच्या पडद्यावर ती अडखळतात. तिथे कागद किंवा कार्डच काढा, फोनशी झटापट करू नका.

आता बाळगण्याचं. मुलांचे पास मुलांकडे देऊ नका. गेटच्या वीस पावलं आधी हातात द्या, आत गेल्यावर लगेच परत घ्या. चारही कार्डं एकसारखी दिसतात, म्हणून प्रत्येकाच्या कोपऱ्यात वेगळ्या रंगाचा छोटा ठिपका लावा, कोड, फोटो आणि पट्टी सोडून. पाच वर्षांच्या मुलालाही 'माझा पिवळा' समजतं.

गळ्यातली दोरी गेटवर फार सोयीची आणि राइडवर तितकीच अडचणीची. वेगाच्या राइडवर ती उडून तोंडावर किंवा मागच्याच्या डोळ्यावर बसते, म्हणून कर्मचारी काढायला लावतात. घ्यायचीच तर ओढ बसल्यावर आपोआप सुटणारी, मानेमागे जोड असलेली घ्या, विशेषतः मुलांसाठी. कमरेचा चेनवाला पाऊच, अंगाला घट्ट बसणारा, सगळ्यात बरा. पँटच्या मागच्या खिशात कार्ड ठेवलं की बसून बसून वाकतं, आणि उलट्या होणाऱ्या राइडवर आधी तोच खिसा रिकामा होतो. पाण्याच्या राइडसाठी झिपची छोटी पिशवी पुरते. कार्ड भिजून बिघडत नाही, थर्मल कागद आणि फोन बिघडतात.

लॉकर वापरलात तर सामान त्यात, पास अंगावर. बरीच लॉकर पासाने किंवा त्याच्या कोडनेच उघडतात, तेव्हा पास आत ठेवून दार लावणं म्हणजे किल्ली तिजोरीत टाकणं.

पार्किंगचा नाका गेटच्या बराच आधी येतो. पार्किंग पासात धरलेलं असेल तर तो पास गाडी चालवणाऱ्याच्या हाताशी हवा, मागच्या सीटवरच्या बॅगेच्या तळाशी नको. आणि गाडीच्या डॅशबोर्डवर पास टाकून जाऊ नका. बंद गाडीत उन्हात तिथे कार्ड कमानीसारखं वाकतं. वाकलेलं कार्ड यंत्राच्या फटीत जात नाही आणि सपाट टेकतही नाही.

---

चक्रीपाळणा

एक राहिलं. पास चालू आहे म्हणजे आज प्रवेश आहे असं नाही. स्वस्त पासांवर ब्लॉकआउटचे, म्हणजे त्या पासाला प्रवेश नसलेले दिवस असतात, सुट्ट्या आणि गर्दीचे शनिवार-रविवार. कॅलेंडर पासाच्या प्रकारानुसार वेगळं असतं. चौघांचे प्रकार वेगळे असतील तर चौघांची कॅलेंडरं पाहा. तिघे आत आणि एक बाहेर असं होऊ शकतं.

काही पार्कांत पास असूनही दिवसाचं आरक्षण लागतं. कॅलिफोर्नियाच्या डिस्नेलँडने २०२१ मध्ये जुना वार्षिक पास बदलून 'मॅजिक की' आणली, ती या आरक्षणावरच उभी आहे. अशा योजनांत आरक्षण करून न जाणं नोंदवलं जातं, आणि तसं वारंवार झालं तर काही दिवस नवं आरक्षण मिळत नाही. जायचं नसेल तर मुदतीत रद्द करा, एवढं लक्षात ठेवलं की झालं. आरक्षणही माणसागणिक असतं: खात्यात चार पास आहेत म्हणून एका क्लिकमध्ये चौघांचं होतंच असं नाही, नावांपुढच्या खुणा मोजा. पहिल्या भेटीला, म्हणजे नुसतं व्हाउचर असताना, आरक्षण कसं करायचं हे मात्र वेगळं तपासा. काही ठिकाणी व्हाउचर खात्यात जोडल्याशिवाय तारखाच दिसत नाहीत.

---

मध्यंतर

नावं वाटून झाली, फोटो टाकले, एक परत आला (टोपी). भोक पाडायचा बेत रद्द. शेवटचं विचारतो: कार्ड हरवलं तर? आणि वर्ष संपताना नवा पास घ्यावा की हाच वाढवावा?

---

खिडकी_क्र_३

हरवल्यावर पहिलं काम नवं मागणं नाही, जुनं बंद करणं. ॲपमध्ये सोय असेल तर तिथून, नसेल तर मदतकक्षात. पासाचा नंबर लागतो, म्हणून पास मिळाल्या दिवशीच दोन्ही बाजूंचे फोटो काढून ठेवा. हे फोटो कुठे टाकू मात्र नका. आनंदात लोक पास हातात धरून फोटो टाकतात, त्यात कोड स्वच्छ दिसतो आणि नुसता बारकोड असेल तर त्यावरून नक्कल छापता येते. नवं कार्ड आल्यावर जुनं सोफ्याखाली सापडलं तरी ते गेटवर चालत नाही, कारण नंबरच बदललेला असतो. कापून टाका, नाहीतर महिनाभराने नेमकं तेच घेऊन निघाल. फोन हरवला तर पास हरवत नाही, दुसऱ्या फोनवर त्याच खात्याने उघडा. त्यासाठी पासवर्ड घरात दोघांना माहीत हवा.

वाढवायचं असेल तर संपायच्या आधी ठरावीक दिवस नूतनीकरणाची सोय सुरू होते, आणि बहुधा त्यात सवलत असते. लवकर केलं तर उरलेले दिवस बुडतात अशी एक समजूत आहे. बहुतेक पार्कांत नवं वर्ष जुन्या समाप्तीच्या दुसऱ्या दिवसापासूनच मोजतात, पैसे भरले त्या दिवसापासून नाही. नूतनीकरणाच्या पानावर नवी समाप्ती तारीख दाखवतात, पैसे भरायच्या आधी ती वाचा. मधे खंड पडू दिला तर नवा पास, नवी तारीख. पुढची सहल सहा महिन्यांनी असेल तर तेच स्वस्त पडतं. हप्त्यांनी घेतलेले पास काही ठिकाणी आपोआप पुढे चालू राहतात आणि बंद करायचं तर आधी कळवावं लागतं. तुमच्या ऑर्डरच्या ईमेलमध्ये 'स्वयंचलित' हा शब्द शोधा, सापडला तर ती कळवायची तारीख आजच कॅलेंडरात टाका.

कार्ड तेच राहतं की नवं देतात हेही विचारून घ्या. तेच राहत असेल तर त्यावर छापलेली जुनी तारीख गेटवर कोणी बघत नाही, यंत्र खात्यातली बघतं. दुकानातल्या काउंटरवर मात्र माणूस छापलेलीच वाचतो, तिथे ॲप उघडून दाखवा.